जुन्या मोटारसायकलला नवा एक्झॉस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्या चालवणाऱ्यांकडून मला जे प्रश्न येतात, त्यांत एक्झॉस्टचे सगळ्यात जास्त असतात. पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. ‘बेंड’ म्हणजे हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) निघून खाली वळणारा पाइप आणि ‘सायलेन्सर’ म्हणजे त्याच्या मागचा डबा, असं धरून चला. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील, पण पाना हातात घेण्याआधी प्रश्न ७ वाचाच.

१. कंपनीचा सायलेन्सर बाहेरून चकचकीत आहे. तरी बदलावा लागेल का?

चकाकीवर जाऊ नका, सायलेन्सर आतून कुजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या फेरीत ते वाफ होऊन निघून जातं. पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मात्र ते सायलेन्सरच्या तळाशी साचतं, त्यात धुरातलं आम्ल मिसळतं आणि तिथला पत्रा खाल्ला जातो. गाडी थंड असताना बोटाच्या पेराने सायलेन्सर वाजवत पुढून मागे या. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. तळाशी आवाज बद्द झाला तर पत्रा पातळ झालाय, आणि हलवल्यावर आत खडखडलं तर बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) सुटलाय. दोन्ही ठीक असतील तर बदलू नका, असंच मी सांगेन. जुन्या गाडीवर तिचा मूळ एक्झॉस्ट धड असणं ही आता दुर्मीळ गोष्ट आहे.

२. नवा एक्झॉस्ट लावला की गाडी जास्त पळेल का?

रस्त्यावरच्या फोर-स्ट्रोक गाडीत फरक पडलाच तर थोडा पडतो. मोठा आवाज ऐकून कानाला वाटतं की पिकअप वाढला, पण घड्याळ लावून बघितलं तर बहुतेक वेळा तसं निघत नाही. वजन मात्र खरोखर कमी होतं. १९६९ च्या होंडा सीबी७५० ला चार बेंड आणि चार सायलेन्सर होते. त्यांच्या जागी फोर-इन-वन (चारही बेंड एकाच सायलेन्सरमध्ये नेणारा सेट) आला की गाडी हातात हलकी लागते. टू-स्ट्रोकचं गणित पूर्ण वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

३. ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच’ असं सगळे सांगतात. खरं काय?

इंजिनाला अडथळा नको असतो. त्याला हवा असतो धुराचा वेग आणि दाबाच्या लाटांचा नेमका मेळ. एक्झॉस्ट वाल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून धावत सुटते. पाइप जिथे रुंद होतो किंवा संपतो, तिथून ती उलटी होऊन, म्हणजे कमी दाबाची लाट होऊन, परत येते. दोन्ही वाल्व्ह थोडे उघडे असण्याच्या क्षणी ती हेडपाशी पोचली तर उरलेला धूर ओढून घेते आणि हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत यायला मदत करते. चुकीच्या क्षणी पोचली तर उलटं होतं. बेंडची लांबी आणि जाडी बदलली की हा मेळ वेगळ्या आरपीएमवर जातो.

बॅफल काढून टाकला की गाडी मधल्या रेंजमध्ये मरगळते, त्याचं कारण हेच, शिवाय मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. तिथूनच ‘बॅक प्रेशर गेलं’ ही समजूत आली असावी. नॉर्टन मॅन्क्ससारख्या रेसच्या गाड्यांवरच्या उघड्या मेगाफोनमध्ये (भोंग्यासारख्या रुंद होत जाणाऱ्या पाइपात) हा दोष टोकाला जायचा. ठरावीक आरपीएमच्या खाली इंजिन अडखळायचं आणि वर गेल्यावर एकदम मोकळं सुटायचं. रेसमध्ये ते चालून जातं, रोजच्या रस्त्यावर जीव नकोसा होतो.

४. ऑर्डर करण्याआधी काय काय मोजून ठेवू?

सगळ्यात आधी बेंड हेडला कसा जोडलाय ते बघा. काही गाड्यांत तो पोर्टमध्ये (हेडमधल्या धूर निघण्याच्या भोकात) नुसता आत सरकतो. काहींत हेडमधून बाहेर आलेल्या तुकड्यावर चढतो आणि वरून फिन असलेला क्लॅम्प बसतो. ट्रायम्फच्या बऱ्याच ट्विन गाड्यांवर हीच पद्धत आहे. नॉर्टन कमांडो आणि जावावर आट्यांचं मोठं रिंग नट असतं. बहुतेक जपानी गाड्यांवर दोन स्टड (हेडमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे), फ्लँज (पाइपाला हेडवर दाबून धरणारी पट्टी) आणि त्याखाली दोन अर्धगोल कॉलर असतात. नव्या सेटसोबत क्लॅम्प, कॉलर येतात का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

मग बेंडच्या मागच्या टोकाचा बाहेरचा व्यास आणि सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. ब्रिटिश गाड्यांची मापं इंचात असतात: दीड इंच म्हणजे ३८.१ मिमी, पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिमी. अर्धा मिलिमीटर फट क्लॅम्पने मिटते. दोन मिलिमीटर फट असेल तर मधे स्लीव्ह हवी, क्लॅम्प कितीही आवळला तरी ती मिटणार नाही. आट्यांचंही तसंच, ब्रिटिश स्टडवर मिलिमीटरचा नट ‘जवळपास बसतो’ म्हणून चढवू नका.

मॉडेलचं वर्ष नक्की सांगा. एकाच नावाच्या गाडीत फ्रेमवरच्या ब्रॅकेटची जागा वर्षागणिक बदललेली असते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असतो, त्यामुळे बेंडचा बाक कोणत्या पेडलजवळून जातो हेही पाहावं लागतं.

५. क्रोम घेऊ, स्टेनलेस घेऊ की काळा?

जुन्या गाडीच्या रूपाला क्रोम शोभतो, पण क्रोमची जाडी आणि खालचा पत्रा यांवर सगळं अवलंबून असतं. पातळ क्रोम वर्षभरात फुगतो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस सर्वांत टिकाऊ. ४०९ वर वरवरचा तांबूस गंज येतो, पण ते सहसा भोक पडेपर्यंत जात नाही. स्टेनलेसला एक पथ्य आहे: स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. नट पितळी वापरा. काळा रंग स्वस्त पडतो आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. मूळ गाडी काळीच होती तर मात्र तोच लावा.

६. जुन्या बेंडचे नट हलतच नाहीत. जोर लावू का?

नको. आधी दोन-तीन दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. मग त्याचे थेंब कोरडे पुसून, जवळची पेट्रोलची टाकी उतरवून, स्टडच्या भोवतीचं हेड गरम करा. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे हेडने स्टडवर धरलेली पकड सैल होते. सहा टोकांचाच सॉकेट लावा, बारा टोकांचा गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. सोडायच्या दिशेला थोडा, आवळायच्या दिशेला थोडा, पुन्हा सोडायच्या दिशेला, असं करत जा.

एका चार सिलिंडरच्या गाडीवर माझे सात नट सहज निघाले आणि आठव्याला मी त्याच जोरात पाना लावला. पाना फिरत होता, पण फिरणं मऊ आणि चिवट लागत होतं, गुळाच्या पाकात चमचा फिरवल्यासारखं. नट सुटत नव्हता, स्टड पिळला जात होता. पुढच्या क्षणी पाना एकदम मोकळा झाला आणि नट अर्ध्या स्टडसकट हातात आला. पान्याला तो चिवटपणा जाणवला की तिथेच थांबा, उलटं फिरवा आणि पुन्हा गरम करा.

तुटलाच, आणि तुकडा बाहेर डोकावत असेल, तर त्यावर नट वेल्ड करून काढता येतो. वेल्डिंगची उष्णताही मदत करते. हेडच्या पातळीत तुटला असेल तर मधोमध ड्रिल करणं हे मशीनवरचं काम आहे. हातातलं ड्रिल कडक स्टडवरून घसरून मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरतं. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या.

जुन्या गॅस्केटमध्ये आणि सायलेन्सरच्या भरावात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, हवेने फुंकू नका. ओलं करा, मास्क लावा आणि पिशवीत बंद करा.

७. बसवण्याचा योग्य क्रम कोणता?

सगळं सैल बसवायचं, आणि आवळायचं ते हेडकडून मागे.

पोर्टमधला जुना गॅस्केटचा तुकडा खरवडून काढा. तो बऱ्याचदा काळा पडून पोर्टचाच भाग वाटतो आणि नवं गॅस्केट त्याच्यावर तिरकं बसतं. नवं गॅस्केट ग्रीसच्या एका बोटाने पोर्टमध्ये चिकटवा म्हणजे पडणार नाही. बेंड लावा, फ्लँजचे नट नुसत्या बोटांनी फिरवून ठेवा. सायलेन्सर सरकवा, क्लॅम्प सैल ठेवा, मागचे ब्रॅकेटचे बोल्ट घाला आणि तेही सैलच ठेवा. आता सगळा एक्झॉस्ट हाताने थोडा हलवा आणि सोडा. तो ज्या जागी स्थिरावतो ती त्याची जागा. त्या स्थितीत प्रत्येक बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे. एखादा जात नसेल तर आवळणं सुरू करू नका, प्रश्न ८ वाचा.

मग हेडचे नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा, म्हणजे फ्लँज सपाट बसेल. त्यानंतर बेंड आणि सायलेन्सरमधला क्लॅम्प, आणि सर्वांत शेवटी मागचे ब्रॅकेट. उलट केलंत, म्हणजे ब्रॅकेट आधी आवळला, तर पाइप पोर्टमध्ये तिरका बसतो आणि मग गळती, सैल होणारे नट, तडे हे सगळं मागून येतं.

आवळून झाल्यावर किक पूर्ण खाली घ्या, ब्रेक दाबा, स्टँड वर-खाली करा. कोणीतरी मागे बसून सस्पेन्शन पूर्ण दाबलं तर स्विंगआर्म सायलेन्सरला लागत नाही ना, ते बघा. ऑइल काढायचा बोल्ट आणि फिल्टर पाइप न उतरवता निघतो का, तेही आत्ताच बघा.

८. सायलेन्सरचं भोक आणि फ्रेमचं ब्रॅकेट यांत पाच-सहा मिमीचा फरक आहे. ओढून बोल्ट घालता येतो. चालेल ना?

नाही चालणार. ओढून बसवलेला पाइप स्प्रिंगसारखा ताणलेला राहतो, वर इंजिनची थरथर आणि तापणं-थंड होणं. तडा ब्रॅकेटच्या वेल्डपाशी जातो, नाहीतर स्टड तुटतो, आणि हे बऱ्याचदा हजार-दोन हजार किलोमीटरनंतर होतं, तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही. मधे वॉशर किंवा स्पेसर घाला, भोक कानशीने लांबट करा किंवा ब्रॅकेट नवं बनवून घ्या. ब्रॅकेटमध्ये रबर बुश असेल तर ते नवं टाका. फरक पंधरा-वीस मिमीचा असेल तर आधी सेट परत पाठवण्याचा विचार करा, तो बहुधा दुसऱ्या वर्षाच्या मॉडेलचा आहे.

९. नट किती आवळायचे? आणि तांब्याचं गॅस्केट पुन्हा वापरता येतं का?

गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो नसेल तर ६ मिमीच्या स्टडला ८ ते १० न्यूटन-मीटर आणि ८ मिमीच्या स्टडला २० च्या आसपास पुरतं. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावलं असेल तर खालचा आकडा धरा, कारण घर्षण कमी झाल्यामुळे तेवढ्याच टॉर्कमध्ये स्टड जास्त ताणला जातो. नळीसारखं दबणारं गॅस्केट एकदाच वापरायचं. भरीव तांब्याची रिंग मात्र मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की पुन्हा मऊ होते. पोलाद असं कडक होतं, तांबं मऊ होतं.

१०. पहिल्यांदा चालू केल्यावर पाइपातून धूर येतोय. काही बिघडलं का?

बहुधा नाही. कारखान्यातलं संरक्षक तेल जळतंय, दहा-पंधरा मिनिटांत थांबतं. चालू करण्याआधी पाइप स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर बोटांचे ठसे क्रोमवर आणि स्टेनलेसवर कायमचे भाजले जातात. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर यासाठी वापरू नका, तो तापला की विषारी वायू सुटतो. पहिली चाचणी उघड्यावर करा, बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. इंजिन पूर्ण तापून थंड झालं की सगळे नट पुन्हा तपासा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर आणखी एकदा.

११. थ्रॉटल सोडला की मागे फटफट फायरिंग होतं. जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा तुकडा) मोठा टाकू?

आधी गळती शोधा. हेडपाशी फट असेल तर थ्रॉटल बंद करताच पाइपात बाहेरची हवा ओढली जाते, आणि न जळलेलं पेट्रोल तिच्यासोबत सायलेन्सरमध्ये पेटतं. थंड इंजिन चालू करून, हातमोजा घालून सायलेन्सरचं तोंड कापडाने क्षणभर अर्धं दाबा. सांध्यांतून ‘फुस्स फुस्स’ ऐकू येईल. सांध्याभोवती काजळीची काळी रेघ दिसली तरी गळती तिथेच आहे. सांधे कोरडे आणि घट्ट असूनही फायरिंग होत असेल तर कार्ब्युरेटरचं पायलट सर्किट (थ्रॉटल बंद असताना पेट्रोल देणारा मार्ग) पातळ आहे, पुढचा प्रश्न पाहा.

१२. नवा एक्झॉस्ट लावल्यावर कार्ब्युरेटरचं जेटिंग बदलावंच लागतं का?

मूळ मापाचा, मूळ बॅफलचा सेट असेल तर बहुधा नाही. मोकळा सायलेन्सर असेल तर हो, आणि हे टाळू नका. पातळ मिश्रणावर गाडी सुरुवातीला तरतरीत वाटते, म्हणूनच लोक फसतात.

काम टप्प्याने करा. थ्रॉटल बंद ते एक-अष्टमांश उघडा असताना पायलट जेटचं राज्य असतं, तिथून पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडच्या कटअवेचं (वर-खाली होणाऱ्या झडपेच्या तिरक्या कापाचं), पाव ते पाऊण नीडलचं (त्या झडपेला लटकणाऱ्या सुईचं), आणि त्यापुढे मेन जेटचं. थ्रॉटलच्या ग्रिपवर आणि तिच्या शेजारी चिकटपट्टीचे तुकडे लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, म्हणजे गाडी नेमकी कुठे अडखळते ते कळेल. नीडलची क्लिप एक खाच खाली केली की नीडल वर येते आणि मिश्रण दाट होतं. मेन जेट एकेक नंबरने वाढवा.

नवा प्लग लावून, मोकळ्या सुरक्षित रस्त्यावर त्या त्या थ्रॉटलला काही वेळ चालवा, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. बिस्किटी रंग चांगला, पांढराफटक म्हणजे पातळ, काजळी म्हणजे दाट. आजच्या पेट्रोलवर रंग पूर्वीइतका चढत नाही, म्हणून भिंगातून पोर्सेलिनच्या मुळाशी बघा. बेंडमध्ये ऑक्सिजन सेन्सरसाठी नट वेल्ड करून घेता आला तर अंदाजाचा भागच उरत नाही: पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास हवं. वेल्डिंग पाइप गाडीवरून उतरवून करा.

१३. आठवड्याभरात बेंड निळा पडला. माल खराब निघाला का?

नेहमीच नाही. एकपदरी पाइप हेडपाशी थोडा पिवळा-निळा पडणारच. मूळ पाइप बऱ्याच गाड्यांवर दुपदरी असायचे, म्हणून ते निळे पडत नसत. पण निळेपणा वळणाच्या खालपर्यंत उतरला तर इग्निशन टायमिंग तपासा. ठिणगी उशिरा पडली की जळण पाइपात जाईपर्यंत चालू राहतं. पॉइंटच्या गाडीत (जिथे उघडझाप होणारे संपर्क ठिणगीची वेळ ठरवतात) पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे सरकतं. दोनपैकी एकच बेंड निळा असेल तर त्याच बाजूचा कार्ब्युरेटर किंवा हवेची गळती बघा.

१४. आवाज फार आहे. गाडीची मजा न घालवता कमी कसा करू?

आतला भराव बघा. काचेची लोकर जळून गेली असेल तर नवी भरा, सैल नाही आणि ठासूनही नाही. बॅफल काढता येण्याजोगा असेल तर परत लावा. आवाजाचं मोजमाप साधारणपणे सायलेन्सरच्या तोंडापासून ५० सेंटिमीटरवर, ४५ अंशांच्या कोनात, गाडी उभी करून होतं. तसं स्वतः करून बघा. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. जुन्या गाड्यांबद्दल लोकांच्या मनात आपुलकी असते, पण पहाटे साडेपाचला खिडकीखाली उघडा मेगाफोन वाजला की ती संपते आणि मग नियम सगळ्यांसाठीच कडक होतात.

१५. माझी गाडी टू-स्ट्रोक आहे. वरचं सगळं लागू होतं का?

बसवण्याचं होतं, पण टू-स्ट्रोकमध्ये पाइप हा इंजिनाचाच भाग असतो. एक्स्पान्शन चेंबरचा, म्हणजे टू-स्ट्रोकच्या मधे फुगलेल्या पाइपाचा, रुंद होत जाणारा शंकू कमी दाबाची लाट परत पाठवतो आणि सिलिंडर रिकामा व्हायला मदत करतो. पुढचा निमुळता शंकू जास्त दाबाची लाट पाठवतो, आणि एक्झॉस्ट पोर्टमधून निसटलेलं ताजं मिश्रण ती परत आत ढकलते. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे शास्त्र रेसिंगमध्ये उतरवलं. १९६१ मध्ये त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर देश सोडून निघाला, ते ज्ञान सुझुकीकडे गेलं आणि १९६२ मध्ये तो सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला.

म्हणून यामाहा आरडी३५० सारख्या गाडीवर चेंबर लावले तर मेन जेट न बदलता एकही जोराची फेरी मारू नका. पातळ मिश्रणात टू-स्ट्रोक जास्त तापतं, तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल तर तेही कमी मिळतं, आणि पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो, तोही पूर्ण वेगात. मुद्दाम दाट जेटपासून सुरुवात करून एकेक नंबर खाली या.

मूळ पाइपच ठेवायचा असेल तर आतला कार्बन साफ करा, निम्म्या ‘दम नाही’च्या तक्रारी तिथेच मिटतात. त्यासाठी कॉस्टिक सोडा वापरलात तर हातमोजे आणि चष्मा लावा आणि अ‍ॅल्युमिनियमचा एकही भाग त्यात जाऊ देऊ नका. तो विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो.

१६. जुन्या दोन बेंडना जोडणारा छोटा आडवा पाइप होता. नव्या सेटमध्ये नाही. काही हरकत?

हरकत आहे. ट्रायम्फ बॉनव्हिलसारख्या ट्विनमध्ये दोन्ही सिलिंडर आळीपाळीने धूर सोडतात. आडव्या पाइपामुळे प्रत्येक धक्क्याला दोन्ही सायलेन्सर मिळतात, म्हणून आवाज खाली येतो. तो नसेल तर गाडी जास्त कर्कश होते आणि जेटिंग पुन्हा बघावं लागतं. गाडीच्या वर्षात तो मूळचाच नव्हता, तर काही प्रश्न नाही.

१७. पाइपाला हीट रॅप गुंडाळू का?

साध्या लोखंडी किंवा क्रोमच्या पाइपाला नको. पट्टी पाणी धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत कुजतो.

१८. नॉर्टन कमांडोचं रिंग नट कितीही आवळलं तरी सैल होतं.

रिंगचा दोष शेवटी धरा, आधी मागचे सायलेन्सरचे रबर बघा. कमांडोमध्ये इंजिन रबरावर हलतं आणि सायलेन्सर फ्रेमच्या बाजूला टांगलेले असतात. मधलं रबर कडक झालं किंवा तुटलं की सायलेन्सरचं सगळं वजन लांब दांड्यासारखं रिंगवर येतं आणि तिला हलवत राहतं. रबर नवं टाका, सगळं सैल करून प्रश्न ७ प्रमाणे पुन्हा बसवा, इंजिन तापल्यावर हूक पान्याने रिंग आवळा आणि मगच लॉक टॅब वाकवा. सैल रिंगवर गाडी चालवत राहिलात तर हेडमधले आटे झिजतात आणि काम वेल्डिंगवर जातं.

१९. फोर-इन-वन बसला, पण मधला स्टँड आता वर येत नाही.

काही सेट मुळातच मधला स्टँड काढूनच बसतात. विकणाऱ्याने ते सांगितलं नसेल तर परत करा. स्टँड कापून किंवा वाकवून जागा करू नका. चेन आणि चाकाच्या प्रत्येक कामाला तो लागतो. १९७५ च्या होंडा सीबी४०० फोरला कंपनीनेच फोर-इन-वन दिला होता, आणि त्याचे बेंड इंजिनापुढे एका बाजूला झुकत जातात ते केवळ दिसण्यासाठी नाही. चार पाइप एका बाजूला आणताना कोणता कुठून न्यायचा, हे त्यात बघून शिकण्यासारखं आहे.

२०. काढलेला जुना सेट भंगारात देऊ?

गंजून भोकं पडलेला असला तरी देऊ नका. पुढे कुणाला तो बनवून घ्यायचा झाला तर वळणांचा आणि ब्रॅकेटच्या जागांचा नमुना म्हणून तोच एक खरा आधार असतो. आतलं पाणी उन्हात पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल आत फिरवा, तोंडं कापडाने बंद करा आणि आडवा न ठेवता टांगा. क्लॅम्प, कॉलर, जुने नट एका डब्यात घालून डबा पाइपालाच बांधा आणि त्यावर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि डावा की उजवा हे लिहून ठेवा.